आतलं कापड

४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन दादाच उचलतो आणि आमच्याकडे हा दिवसभर घरात आहे. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर. दादाच्या हाती लागू देऊ नकोस.

दादा, हा आणि त्यांचा डॉक्टर, तिघं डोंगरावरून परतले ते तुला माहीत आहेच. दरवर्षीचं दादाचं वाक्य, हंगाम सुरू व्हायच्या आधी जायचं, वर चिटपाखरू नसतं, डोंगर आपल्या बापाचा. यंदा बर्फ लवकर पडला तरी गेले. एक रात्र तंबूत काढली आणि ठरल्यापेक्षा आधी घरी आले. याच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "ओल्या हातमोज्यांनी झोपलो, पहाटे बोटं पांढरी पडली." एवढंच. चहा माग, जेवायला काय आहे विचार, असं सुरू झालं.

वहिनी, याची बोटं म्हणजे आमचं घर आहे. दात घडवणाऱ्याचा डावा हात साचा धरतो, उजवा मेण कोरतो. एक गेला तर दुसऱ्याचा उपयोग नाही. लोक गमतीने कवळी म्हणतात त्याला, पण कवळ्या त्याच्याच बसतात तोंडात, बाकीच्यांच्या खुळखुळतात. असा माणूस बोटांना हिमदंश झाल्यावर "काही नाही" म्हणतो? पूर्वी बोटात कुसळ गेलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. आता हूं की चूं नाही. हात बघू देत नाही. आंघोळीला जाताना पिशवी बांधून जातो आणि आतून कडी लावतो.

तू दादाला सहज विचार. मी विचारलंय असं कळू देऊ नकोस. आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं लिही, तुझी भर नको.

तुझी,
खारूताई

९ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

विचारलं. भाजी चिरताना, पाठ फिरवून, सहजच. तुझा दादा म्हणाला, "ओल्या हातमोज्यांनी झोपला, पहाटे बोटं पांढरी पडली."

झोपलोचं झोपला केलं, बाकी अक्षर बदललं नाही. माझी भर एवढीच, की तुझा दादा आमच्या लग्नाची हकीकतही दोनदा सारखी सांगत नाही. दोन पुरुष एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगतात तेव्हा ती पाठ केलेली असते.

आता दुसरं. मी तुला लिहावं की नाही यावर दोन दिवस काढले. लिहिते.

ते आले त्या दिवशी मी दुकानात होते. घरी आले तर पाठपिशव्या रिकाम्या, कपडे वाळत घातलेले, बूट पुसलेले. तंबू कुठे, म्हटलं. "वाळवून ठेवला." कुठे? "ठेवलाय गं." हा तंबू माझ्या हातचा आहे. दुकान काढलं तेव्हा पहिला शिवला तो हाच. ओला तंबू गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते हे तुझ्या दादाला मी इतक्यांदा सांगितलंय, की तो झोपेतही म्हणून दाखवेल. काल तो कामाला गेल्यावर मी माळ्यावर चढले. जुन्या गादीमागे तंबूचं वरचं कापड होतं. ओलं, कोंबलेलं.

उलगडलं. खालच्या बाजूला भोक, माझा पंजा जाईल एवढं. फाटलं असतं तर धागे सुटले असते. याची कड गोळा झालीय, टणक, नखाला लागते. हे जळलेलं आहे.

हिमदंशाने तंबू जळत नाही.

पुन्हा तसंच गुंडाळून गादीमागे ठेवलंय. अजून त्याला काही बोलले नाही. आधी तुला विचारते. तुझ्या घरात काय दिसतंय?

तुझी वहिनी

१३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

माझ्या घरात जे दिसतं ते ऐक.

हा एक दिवसाआड पट्टी बदलायला जातो. कुठे, तर डॉक्टरकडे. म्हणजे त्यांच्याच डॉक्टरकडे, तिघांतल्या तिसऱ्याकडे. तो गुरांचा डॉक्टर आहे गं. मी सुट्टी टाकून मागे मागे गेले. लाज वाटली, पण गेले. खिडकीतून पाहिलं तर आमचा हा बाकावर बसलेला, एका बाजूला मांजर घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेला कुत्रा. नाव पुकारलं की आत जायचं. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हणाला, "जवळ पडतं म्हणून येतो." दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आणि मलम. पाण्याच्या प्रयोगशाळेत रोज बाटल्या हुंगून माझं नाक तयार झालंय. त्याच्या पट्टीला जो वास येतो तो मला ओळखीचा आहे. आमच्याकडे बर्नरवर कुणाचा हात भाजला की तेच लावतात.

तेव्हा भाजलंय. तुझं भोक आणि माझा वास जुळले. पण भाजलं हे लपवायचं कशाला? भाजणं काय पाप आहे? लपवण्यासारखी गोष्ट दुसरीच असणार, नि तिच्यात तिघंही आहेत.

मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले त्याला. म्हटलं, आता बस बापासारखा खुर्चीत. सासऱ्यांनी चाळिशीत कामाला रामराम ठोकला होता. हातातून कप सुटायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, आळशाला सगळंच जड. मी नुसतं चिडवायला म्हटलं. तर हा पांढराफटक पडला आणि उठून आतल्या खोलीत गेला. लागलं असेल त्याला. पण एवढं?

तू दादाला विचार. तंबू समोर टाकून विचार. आता सहजबिहज पुरे.

खारूताई

२० नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

विचारलं. आवडणार नाही तुला. मलाही आवडलेलं नाही.

दुकानात कापण्याच्या मोठ्या टेबलावर वरचं कापड पसरून ठेवलं आणि त्याला डबा घेऊन बोलावलं. आला, बघितलं, डबा खाली ठेवला.

"कुणी जाळलं?"

"मी."

"कसं?"

"बाहेर वारा होता. स्टोव्ह आत पेटवला. लवंडला."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. तंबूत. तू शिवणवाली आहेस की फौजदार?"

"आणि भाऊजींचा हात?"

"सावरायला गेला. भाजला." मग म्हणाला, "माझ्या हलगर्जीपणाने झालं. बस?"

आतलं कापड कुठाय विचारलं. तंबूला दोन कापडं असतात, वरचं पावसा-बर्फासाठी आणि आतलं झोपायच्या खोलीसारखं. ते डॉक्टरांकडे वाळत घातलंय म्हणाला.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही हा या तिघांचा पहिला नियम. तो नियम करणारा तुझा दादा. म्हणून लाजेने लपवलं असणार, आणि मैत्रीखातर भाऊजींनी झाकलं. तसं पाहिलं तर सगळं जुळतं.

मला एक खटकतंय ते सांगते. तुझ्या दादाने आजवर चूक कबूल केली ती नेहमी पाऊण तास वाद घालून, आणि शेवटी चूक माझीच निघून. या वेळी एका शब्दात कबूल केली. संशय आला खरा. पण मी रोज कापडच बघते. माणूस फिरवून बोलेल, कापड खोटं बोलत नाही. जळलंय हे खरं, आणि जाळणारा मी म्हणतोय.

तुझ्यापासून लपवलं असतं तर उद्या तू मला तोंड दाखवलं नसतंस. म्हणून लिहिलं. भाऊजींच्या हाताला आता कसं आहे?

तुझी वहिनी

२३ नोव्हेंबर

वहिनी,

मिळालं पत्र.

आज पट्टी काढली. मी बघितला हात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. कातडी नवी येतेय, गुलाबी, पण बोटं वाकत नाहीत. साचा सुटतो हातातून. पट्टी असताना केलेल्या दोन कवळ्या आजच परत आल्या.

याला म्हटलं, दादाने कबूल केलंय. त्याने सुटलेली पट्टी गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "त्याला काही बोलू नकोस." म्हणजे अजून झाकतोच आहे.

दादाला सांग, आमच्याकडे येऊ नकोस. फोन करू नकोस. लहानपणी माझी खेळणी मोडून तो गादीखाली लपवायचा आणि आईला म्हणायचा, मला काय माहीत. तसाच राहिला. फक्त या वेळी मोडलं ते दुकानात मिळत नाही.

तुझ्यावर राग नाही. तू खरं सांगितलंस.

१६ डिसेंबर

प्रिय खारूताई,

तुझ्याकडून काही नाही. मी तीनदा फोन केला, मुलीने उचलला आणि "आई आंघोळीला गेलीय" म्हणाली. तिन्ही वेळा. पोर दुसरं एखादं कारण शोधेल तर बरं, पाण्याचं बिल येईल.

तुझ्या दादाबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं. पण काहीतरी चाललंय आणि मला ते एकटीने बघवत नाही.

संध्याकाळी तो मागच्या अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलतो. थंडीत, टोपी न घालता. मी दार लोटून ऐकलं. भाऊजींशी बोलत होता. मला वाटलं होतं माफी मागत असेल. तर हसत होता. मोठमोठ्याने नाही, पूर्वी दोघं हसायचे तसं. शेवटी म्हणाला, "होऊ दे चिडचिड. तू गप्प राहा." आत आला आणि तोंड असं पाडून बसला की जणू घरात कुणी गेलंय.

ज्याचा हात गेला तो, ज्याने घालवला त्याच्याशी हसतो? मी फार विचार करतेय असंही असेल. पण तुझ्या घरी भाऊजी तुझ्या दादाबद्दल काय बोलतात, तेवढं तरी कळव.

तुझी वहिनी

८ जानेवारी

वहिनीस,

तू विचारलंस म्हणून.

हा दादाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. मी सुरुवात केली की उठतो. परवा जेवताना ओरडला माझ्यावर, लग्नानंतर पहिल्यांदा. "त्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे वाईट काढायचं नाही." मुलगी घाबरली.

काम जवळजवळ थांबलंय. उजव्या हाताने मेण कोरायला बसतो आणि तेही बिघडतं. डावा हात नीट धरत नाही म्हणून बिघडतं, असं म्हणतो. काल दिव्यापाशी बसला होता, मेण ओघळून टेबलावर सांडलं. त्याने ते पुसलंही नाही. नुसता बघत बसला. मी दाराशी होते. मला तर हा माणूस पुरता खचल्यासारखा वाटतोय, आणि ज्याने खचवला तो तुमच्या अंगणात हसतोय.

फोनवर काय शिजतंय ते मला कळत नाही. कदाचित दादा त्याला पढवत असेल की बहिणीला थंड कर. पढवू दे. मी थंड होणार नाही.

२१ जानेवारी

प्रिय खारूताई,

हे पत्र शांतपणे वाच. मुलगी शाळेत असताना वाच. पूर्ण वाच.

काल डॉक्टर दुकानात आले. इथे लसी न्यायला आले होते, जाताना आतलं कापड द्यायला थांबले. "बरेच दिवस राहिलं माझ्याकडे," म्हणाले, टेबलावर ठेवलं, आणि निघालेच. मी म्हटलं, थांबा, चहा सांगते. आणि चहा येईपर्यंत कापड पसरलं. सवय आहे, दुकानात कापड आलं की पसरायचं.

कोरं होतं. एक डाग नाही, भोक नाही, काजळीसुद्धा नाही.

खारूताई, स्टोव्ह तंबूच्या आत लवंडला असता तर आधी आतलं कापड जळलं असतं, मग वरचं. वरचं जळलं आणि आतलं कोरं, याचा अर्थ स्टोव्ह आत नव्हताच. तो दाराबाहेर होता, जिथे वरचं कापड पडवीसारखं पुढे येतं तिथे. जिथे असायला हवा तिथेच. मी एकच कापड बघून निकाल दिला, आणि तो तुला लिहून कळवला. मी. ज्या बाईकडे लोक चिंधी घेऊन येतात आणि विचारतात, हे कशाने गेलं असेल हो?

डॉक्टरांना म्हटलं, "आत पेटवला होता ना? मग हे कोरं कसं?"

ते कापडाकडे बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, चहा नको."

"चहा येतोय. बसा."

"तुमच्या नवऱ्याला विचारा."

"त्याला विचारलं होतं. त्याने सांगितलेलं टेबलावर पसरलंय तुमच्यासमोर."

मग बसले. हसले जरा. म्हणाले, "मी गुरांचा डॉक्टर. माझे पेशंट खोटं बोलत नाहीत, म्हणून मला सवय नाही." आणि सांगितलं. तसंच लिहिते.

सकाळी बर्फ पडत होता. भाऊजी पडवीत स्टोव्हपाशी चहा करत होते, हे दोघं आत, स्लीपिंग बॅगमधून नुसती डोकी बाहेर. भाऊजी एक गोष्ट सांगत होते. कुणी म्हातारे गृहस्थ कवळी परत घेऊन आले, का तर म्हणे दात माझ्यापेक्षा तरुण दिसतात. सांगता सांगता वळून बसायला त्यांनी डावा हात टेकवला. तो स्टोव्हच्या लोखंडी कड्यावर पडला. उघडा हात. तापलेलं कडं.

"आणि तो बोलतच होता," डॉक्टर म्हणाले. "गोष्टीचा शेवट सांगत होता. वास आम्हाला आला, त्याला नाही. मला वाटलं हातमोजा जळतोय. बघितलं तर हातमोजा नव्हताच. मी हात ओढला त्याचा, त्या झटापटीत स्टोव्ह वरच्या कापडावर कलंडला. आणि हा आम्हाला विचारतो, काय झालं?"

दोन वर्षं झाली म्हणे. दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपासून बधिरपणा येतोय. त्यांच्या वडिलांनाही तेच होतं. कप सुटायचे ते आळसाने नाही. भाऊजींना मोठेपणी कळलं, आणि स्वतःची बोटं बधिरायला लागल्यावर खात्री पटली. तुला सांगायचं नव्हतं. तू मुलीच्या हातांकडे बघत राहशील म्हणून.

बर्फातच बसून तिघांनी ठरवलं. आधी हिमदंश सांगायचा. तो पचला नाही तर तुझा दादा अंगावर घेणार. त्याचं बोलणं डॉक्टरांनी सांगितलं: "माझ्यावर घाल. ती माझ्यावर चिडेल, वर्षभराने विसरेल. तुझ्यासाठी घाबरली तर विसरणार नाही."

मी रात्री त्याला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, भाऊजींना नीट दाखवायला हवं, नसांच्या डॉक्टरला, माणसांच्या. सांगून थकले म्हणाले. "गाय तरी ओढून नेता येते."

तुला कळायला हवं होतं. तू माझ्या शब्दावर भावाला तोडलंस.

तुझी वहिनी

२५ जानेवारी

वहिनीस,

पूर्ण वाचलं. शांतपणे वाचलं.

नोव्हेंबरात तू लिहिलंस, कापड खोटं बोलत नाही. आता जानेवारीत कापडं दोन झाली. एक तुझ्या नवऱ्याला अडकवणारं, दुसरं सोडवणारं. दुसरं बरोबर वेळेवर आलं, मी दार बंद केल्यावर, आणि आणलं कुणी, तर त्याच्याच मित्राने. तीन महिने धुऊन वाळवून ठेवलेलं कापड कोरं असतं, वहिनी. ते नवंही असू शकतं. तू तर शिवतेस.

डॉक्टरला मी गाठलं. सरळ विचारलं. म्हणाला, "मी असं काही बोललो नाही. वहिनींचा गैरसमज झाला असेल." आणि हात धुवायला गेला, आधीच धुतलेले होते.

तुम्हा दोघांपैकी, तू की डॉक्टर, कोण खोटं बोलतंय ते मला आता शोधायचंसुद्धा नाही. पण एक सांगते. भावाला वाचवायला दुसरं काही सुचलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू माझ्या नवऱ्याला आजारी केलंस. वर माझ्या सासऱ्यांना ओढलंस, ज्यांच्याबद्दल मीच तुला लिहिलं होतं. माझ्याच पत्रातली चिंधी घेऊन मलाच ठिगळ लावलंस.

आणि मुलीचे हात. ते वाक्य तू लिहायला नको होतंस. खोटं असलं तरी ते आता घरात आहे.

यापुढे पत्र नको.

९ फेब्रुवारी

वहिनी,

हे दादाला दाखवू नकोस. कारण खाली लिहिते.

तुला पत्र टाकल्यावर मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. नमुन्याची बाटली उजेडात धरून बघतात तशी. बघून काही ठरत नाही. तो गरम कप दांडीला धरतो. पण दांडीला कोण धरत नाही? तो शर्टाची बटणं लावताना खाली बघतो. पण तू बघत नाहीस? मला रोज तू खरी वाटायचीस, आणि संध्याकाळपर्यंत खोटी.

काल दुपारी मी सोफ्यावर बसून मुलीच्या गणवेशाला बटण लावत होते. ती आमच्या पायाशी जमिनीवर, हा माझ्या शेजारी, तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होता. पुस्तक तिच्या मांडीवर, पानं ती उलटते. त्याचा उजवा हात, चांगला हात, माझ्याशेजारी उशीवर पडलेला होता. पालथा नाही, उताणा.

मी सुई तर्जनीच्या टोकाला लावली. नुसती लावली. मग दाबली.

तो वाचत होता. वाक्य मधे तुटलं नाही. रक्ताचा थेंब आला, मोहरीएवढा. पानाच्या शेवटी आला आणि मुलीला म्हणाला, "उलट."

मी दुसऱ्या बोटाला लावली. तेव्हा मुलीने वर बघितलं. म्हणाली, "आई, काय खेळताय? मला पण." आणि हात पुढे केला.

वहिनी, मी सुई ठेवून द्यायला हवी होती. मला ते कळत होतं. मी तिचं बोट धरलं आणि टोचलं.

ती अशी किंचाळली की शेजारीण दार वाजवून विचारायला आली. "आई, वेडी आहेस का? दुखतं ना!" बोट तोंडात, डोळ्यांत पाणी, मला लाथा मारतेय. आणि मी हसत सुटले. थांबताच येईना. मला माहीत आहे याचा अर्थ काही नाही. याला तरी कुठे लहानपणी काही होतं? पण ती ओरडली, वहिनी. केवढ्याने ओरडली.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सुईकडे, मग आपल्या बोटावरच्या थेंबाकडे. मुलीला शेजारणीकडे पाठवलं. परत येऊन बसला. मला वाटलं रागावेल. त्याने दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले, उताणे, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाला, "बघ तरी कुठपर्यंत गेलंय. मला एकट्याला नीट बघता येत नाही."

मी बघितलं. टोकापासून सुरुवात केली, एकेक पेर. तो खिडकीबाहेर बघत होता. मी विचारत होते, इथे? इथे? तो मान हलवत होता. नाही. नाही. डाव्या हाताला तळव्याच्या मधोमध गेल्यावर "जरासं" म्हणाला. उजव्याला बोटांच्या मुळाशीच "आई गं" म्हणाला. मी पेनने रेघ मारली दोन्ही हातांवर. शुक्रवारी नसांच्या डॉक्टरकडे जातोय. रेघ पुसू नकोस असं बजावलंय त्याला.

तुला मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही. ठिगळाचं वगैरे. तू भेटलीस की तोंडावर दोन शब्द ऐकव, मी ऐकून घेईन.

दादाला मात्र तू काही सांगू नकोस. शनिवारी मी एकटी येतेय, त्याच्याशी भांडायला. मी घाबरायचं की चिडायचं हे दादाने ठरवायचं? डोंगरावर बसून? माझ्या नवऱ्याचे हात, माझी मुलगी, आणि निर्णय तिघांनी बर्फात घ्यायचा, त्यातला एक गुरांचा डॉक्टर? गेल्या तीन महिन्यांचं भांडण खोट्या कारणावरून होतं, ते धरू नये. खरं भांडण शनिवारी.

त्याला कशाला तरी घरी थांबव. मी येतेय असं कळलं तर पळेल.

तुझी,
खारूताई